गावभागातल्या रेल्वेचा भाव: प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५

काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. सांगलीच्या गावभागातल्या काकूंकडे खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांचा मोठा पसारा आहे. काका गेल्यावर त्याची वाटणी राहून गेली होती, दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवला तेव्हा विषय पुन्हा निघाला. वाटेकरी तिघं: पुण्याचा मुलगा, विट्याला दिलेली मुलगी आणि काकांचं शेवटचं दुखणं काढलेला इथलाच पुतण्या. तिघांना पटेल असा आकडा मी काढून द्यायचा. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मी काही सोनार नाही, असं म्हणून बघितलं. काकू म्हणाल्या, "सोनाराला रेल्वेतलं काय कळतंय? तू निदान मोटर उघडून बघशील तरी."

पुतण्यानं बसल्या बसल्याच मोबाईल पुढे केला. "दादा, हे बघा. सेम नंबरचं इंजिन. दीड लाख." नंबर खरंच तोच होता, २०३७. नोंद केली, बोललो काही नाही.

आज फक्त फोटो काढले. जसं आहे तसं, धुळीसकट. काकूंना तीन गोष्टी सांगून आलो: ओलं फडकं लावायचं नाही, ब्रासो लावायचं नाही, आणि खोकी कितीही फाटकी दिसली तरी रद्दीत टाकायची नाहीत. तिसरी गोष्ट त्यांना पटलेली दिसली नाही. "अरे, कसरीनं खाल्लेला पुठ्ठा तो," म्हणाल्या. म्हटलं असू दे, कसरीनं खाल्लेला पुठ्ठाच हवाय मला.

२८ ऑक्टोबर

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापाचा चिमटा, घेऊन रुळांची मापं घेतली. आकड्यांचा पाया इथंच बसतो, कारण मापावरून निम्मं कूळ कळतं. दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर एका ढिगात १६.५ मिलिमीटर भरलं, बाकीच्या दोन ढिगांत ३२ च्या जवळपास. ३२ म्हणजे ओ गेज, जुना मोठा प्रकार. १६.५ वर दोन प्रकार चालतात: इंग्रजांचा डबल-ओ, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:७६, आणि युरोप-अमेरिकेतला एचओ, १:८७. रूळ एकच, पण गाडी एकात मोठी तर एकात लहान. इंग्रजी डबे जरा बोजड दिसतात ते त्यामुळेच.

पुतण्याला हे समजावायला फार वेळ लागला नाही. मिरजेच्या माणसाला गेज कळायला पुस्तक लागत नाही. आपल्या जंक्शनात एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी नॅरोगेज अशा तिन्ही गाड्या उभ्या राहायच्या. एकीचा डबा दुसरीच्या रुळावर जात नाही, एवढं इथल्या पोरालाही ठाऊक असायचं.

ढीग असे लावले:

पहिला: निळ्या खोक्यातला होर्नबी डब्लोचा मालगाडी सेट. छोटं काळं टँक इंजिन (पाण्याची टाकी इंजिनावरच असलेलं), मालडबे, गार्डचा डबा, पत्र्याच्या तळावर पितळी रूळ. रूळ तीन: कडेचे दोन आणि मधला एक.

दुसरा: पत्र्याच्या ओ गेज गाड्यांचं फुटकळ सामान. बहुतेक होर्नबीचे उघडे मालडबे, आणि पोचे पडलेला एक वेगळाच प्रवासी डबा. इंजिन नाही.

तिसरा: अमेरिकेतून आलेला लायनेल कंपनीचा सेट. इंजिन, टेंडर (इंजिनामागचा कोळशा-पाण्याचा डबा), डबे, रूळ आणि विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर.

१ नोव्हेंबर

घरातली कहाणी अशी. काकांचे वडील मिरजेला एम.एस.एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) रेल्वेत गार्ड होते. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्यानं पोरासाठी आगगाडी दिली, दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या आधी. ती गाडी म्हणजे हा निळा खोका, असं तिघंही एकमुखानं सांगतात.

निळा खोका ती गाडी नाही. इंजिनाच्या बाजूला ६९५६७ हा आकडा आहे. ब्रिटनमधल्या रेल्वे कंपन्या १ जानेवारी १९४८ ला सरकारी झाल्या आणि उत्तर-पूर्वेकडच्या कंपनीच्या इंजिनांच्या आकड्यांत साठ हजार मिळवले गेले. लढाईच्या आधी साठ हजारांच्या घरातला आकडा त्या जातीच्या इंजिनावर असूच शकत नाही. पुढे भिंग लावून टाकीवरचं चित्र बघितलं. सिंह चाकावर पाय फाकून उभा आहे. ब्रिटिश रेल्वेचं हे पहिलं बोधचिन्ह. १९५६ पासून नवीन आलं, त्यात सिंहानं चाक पंजात धरलंय. म्हणजे इंजिन या दोन खुणांच्या मधलं. शेवटी खोक्यातल्या माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात तिरक्या रेघांनी तोडलेले आकडे सापडले, मधला ८५५. होर्नबी बनवणाऱ्या मेकॅनो कंपनीची ही छपाईची सांकेतिक नोंद असते: ऑगस्ट १९५५. तिन्ही खुणा एकाच दिशेनं बोट दाखवतात.

काकूंना विचारलं तेव्हा त्यांनी सहज सांगून टाकलं की एक चुलत सासरे लंडनला शिकायला होते आणि त्याच सुमारास परतले. काळही जुळतो. १९५७ ला परकीय चलनाची टंचाई झाली आणि आयातीवर कडक बंधनं आली. त्यानंतर अशी खेळणी दुकानात मिळणं दुरापास्त झालं.

मग साहेबाची गाडी कुठली? दुसऱ्या ढिगातली. तिथल्या मालडब्यांवर मोठ्या अक्षरात एल.एम.एस. लिहिलंय. ती ब्रिटिश रेल्वे कंपनी १९२३ ते १९४७ एवढ्याच काळात होती. कहाणी खोटी नव्हती. घरात जो खोका सगळ्यात देखणा होता त्याला ती चिकटली, एवढंच. किंमत लावणाऱ्यानं घरची कहाणी ऐकावी जरूर, पण ती कुठल्या खोक्याला लावायची हे वस्तूला विचारावं.

२ नोव्हेंबर

काकूंनी एक फोटो काढून दाखवला. ओसरीवर चार-पाच वर्षांचे काका, पुढ्यात गोल रूळ, त्यावर चावीचं इंजिन आणि मागं ते एल.एम.एस.चे डबे. इंजिन आज घरात नाही. पण हा फोटो दुसऱ्या ढिगाबरोबरच द्यायचा. कुणाकडची गाडी, कुठल्या गावी, किती साली, हे दाखवणारा कागद असला की संग्राहक दोन पैसे जास्त देतो. नुसत्या तोंडी कहाणीला कुणी छदाम देत नाही.

५ नोव्हेंबर

आज फक्त दुसरा ढीग.

२०१९ च्या पुरात हा ढीग खाली होता. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि त्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. वाड्याच्या खालच्या खोल्या बुडाल्या. ट्रंकेत अजून कृष्णेचा गाळ आहे, वाळून पावडर झालेला. काकांनी पूर ओसरल्यावर डबे उन्हात वाळवले आणि खोबरेल तेलाचा हात दिला. हेतू चांगला. पण खोबरेल तेल थंडीत थिजतं, पुढे चिकट होतं आणि धूळ धरून बसतं. कानाकोपऱ्यात पिवळट मेण साचलंय.

हे काढायला मी हात लावलेला नाही, काढायला सांगणारही नाही. पत्र्यावरची ही छपाई कारखान्यात पत्रा सपाट असतानाच केलेली असते, मग कापून, वाकवून, जिभा मुडपून डबा होतो. वर रंगाचा जाड थर नसतोच. साबणाच्या पाण्यानं किंवा थिनरनं घासलं की अक्षरंच निघून जातात. घाण असलेला मूळ छपाईचा डबा विकत घेणारा असतो. अक्षर गेलेल्या स्वच्छ डब्याला कुणी विचारत नाही.

एका डब्याची एक बाजू जास्तच चकचकीत वाटली. टॉर्च आडवी धरून बघितलं. उभ्या प्रकाशात सगळं सारखंच दिसतं, आडव्या प्रकाशात ब्रशचे ओढ उमटले. मुडपलेल्या जिभांच्या फटीतही लाल रंग उतरलाय. कारखान्यात आधी रंग, मग मुडपणं. फटीत रंग असला म्हणजे नंतर कुणीतरी मारलाय. पुतण्या म्हणाला, लहानपणी गणपतीच्या आराशीत ही गाडी मांडायचे, तेव्हा काकांनीच रंगवली असेल. असेल. आराशीत शोभली असणार. भावात मात्र तो डबा जवळपास बाद.

पोचे पडलेला प्रवासी डबा उलटा करून तळ बघितला. गंजाखाली तीन अक्षरं: जी, बी, एन. गेब्रुडर बिंग, न्यूर्नबर्ग. जर्मन खेळण्यांचं एके काळचं बलाढ्य नाव, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडलं. ही तीन अक्षरं विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मालावर असायची, पुढे १९२० च्या दशकात त्यांनी दुसरी खूण धरली. घरातली सगळ्यात म्हातारी वस्तू हीच, आणि हिच्याकडे आजवर कुणी ढुंकून बघितलं नव्हतं.

म्हातारी आहे म्हणून महाग, असं मात्र नाही. छताला पोचा, एक बाजू गंजलेली, इंजिन नाही, सोबतचे डबे नाहीत.

८ नोव्हेंबर

आजची नोंद एका चाकाची.

एल.एम.एस.च्या एका डब्याचं चाक फिरत नव्हतं. तेलानं चिकटलं असेल असं कुणालाही वाटेल. भिंगाखाली धरलं तेव्हा चाकाच्या तोंडावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसल्या. नखानं जरा दाबलं तर कडेचा तुकडा खारीच्या पापुद्र्यासारखा सुटून हातात आला. तुटलेली कड करडी, दाणेदार. व्हर्नियर लावला तर एकाच आसावरच्या दोन चाकांच्या व्यासात फरक. एक फुगलंय.

ही जस्ताची कीड. लोखंडाला गंज चढतो तो बाहेरून, हे आतून होतं. ही चाकं जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात: जस्त, थोडं ॲल्युमिनियम, किंचित तांबं आणि मॅग्नेशियम. ओतताना त्यात शिशाचा अंश शिरला, भट्टीत भंगार मिसळलं की तो शिरतोच, की धातूच्या दाण्यांच्या सीमांवर हळूहळू क्षरण सुरू होतं. दमट हवेत आणि उष्णतेत जास्त. धातू फुगतो, वाकतो, भेगाळतो आणि शेवटी चुरा होतो. लढाईच्या आधीच्या मालात हे सर्रास दिसतं, नंतरच्यात धातू शुद्ध वापरायला लागल्यावर कमी झालं. यावर औषध नाही. ती या वस्तूवरून त्या वस्तूवर पसरत नाही, त्यामुळे शेजारचे डबे वेगळे काढायची धावपळ नको. जे ओतताना बिघडलं तेच बिघडतं.

भावाच्या दृष्टीनं चाकं कमी वाईट. बदली चाकं नवी मिळतात, संग्राहकांना ती चालतात, फक्त बदलली असं सांगायचं आणि जुनी डबीत घालून सोबत द्यायची. इंजिनाचा सांगाडा असा फुगला असता तर गोष्ट संपली होती. म्हणून डब्लोच्या टँक इंजिनाचा सांगाडा सपाट काचेवर ठेवून तपासला. चारी कोपरे टेकतात, भेग नाही. लायनेलचाही ठीक.

१२ नोव्हेंबर

पहिला ढीग, वीज.

डब्लोबरोबरचा जुना कंट्रोलर लावायचाच नाही, हे आधी ठरवलं होतं. वायरीवरचं रबर बोटांनी चिमटलं की गळून पडतंय. दुकानातला डीसी सप्लाय घेतला, १२ व्होल्ट, करंटची मर्यादा बांधून. मधल्या रुळाला एक टोक, कडेच्या दोन्ही रुळांना दुसरं.

इंजिन पळालं. नुसतं पळालं नाही, सुसाट. पुतण्या टाळ्या वाजवायला लागला, आणि मी ॲम्पिअरमीटरकडे बघत होतो. मोकळं पळताना एक ॲम्पिअरच्या वर. निरोगी मोटर यापेक्षा पुष्कळ कमी घेते. डबे जोडल्यावर चढाला दम टाकला आणि मोटर कढत झाली.

जास्त करंट, मोकळा वेग जास्त, ओढ कमी: या तिन्ही एकत्र आल्या की मॅग्नेट उतरलाय. मॅग्नेट कमजोर पडला की आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता गाभा, फिरताना उलटा दाब (व्होल्टेज) कमी तयार होतो, म्हणून ते जास्त पळतं आणि जास्त करंट खातं. आमच्या धंद्यात रोजचं आहे. कारणही सापडलं. मोटरच्या स्क्रूची खाच चिरडलेली आहे, म्हणजे ती कधीतरी उघडली होती. या जुन्या मॅग्नेटमधून लोखंडाची पट्टी न लावता आर्मेचर बाहेर काढलं की त्याचा जोर तिथंच ओसरतो.

मॅग्नेट पुन्हा भारून घेता येतो. आतलं काम, बाहेरून दिसत नाही, मूळ भाग तोच राहतो; संग्राहक याला नाकं मुरडत नाहीत. कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन टेकतात त्या तांब्याच्या गोलावर, काजळी आहे, ती सुती फडक्यावर आयसोप्रोपिल घेऊन पुसून काढली. एवढी एकच साफसफाई मी केली. पॉलिश पेपर नाही. कार्बन अजून पुष्कळ चालतील.

१५ नोव्हेंबर

लायनेलचा ट्रान्सफॉर्मर. अंगावर ११५ व्होल्ट, ६० सायकल असं कोरलंय, आणि वायरीच्या टोकाला कुणीतरी आपल्याकडचा तीन पिनचा प्लग लावून ठेवलाय. काकूंना विचारलं, हा कधी लावला होता का? "लावला होता, वास आला म्हणून काढला."

नशीब. ११५ च्या प्रायमरीला २३० दिले की गाभा संपृक्त होतो, करंट बेसुमार वाढतो आणि वाइंडिंग जळतं. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्टेप-डाऊन लावून बरोबर ११५ दिले तरी तो जरा जास्त तापणार आणि घुमणार. सिरीज बोर्डवर घेतला, म्हणजे दिव्याच्या ओळीत जोडून तपासला; दिवा पूर्ण उजळला. आत वेटोळी शॉर्ट आहेत. रिवाइंड करता येईल, पण भाव मिळण्यासाठी ते करण्यात अर्थ नाही. "चालत नाही, लावू नये" असं लिहून ठेवला.

इंजिन मग डीसीवर घेतलं. लायनेलची मोटर सिरीज वाइंडिंगची, मिक्सरसारखी, तिला एसी-डीसी दोन्ही चालतं. लीव्हर पुढे सरकवला आणि टेंडरनं जी शिट्टी ठोकली ती थांबेचना. शेजारचा चहावाला हातात गाळणी घेऊन दारात.

त्यात बिघाड काही नाही. मूळ ट्रान्सफॉर्मर रुळावर एसी सोडतो. शिट्टीचं बटण दाबलं की त्यात थोडा डीसी मिसळतो आणि टेंडरमधला रिले फक्त डीसीवर ओढतो. मी दिला सगळाच डीसी, म्हणून शिट्टी अखंड. यातून एक फुकटची खात्री झाली: टेंडरमधली शिट्टी, तिची मोटर आणि रिले, तिन्ही शाबूत. साठ-सत्तर वर्षांच्या टेंडरमध्ये ही चांगलीच जमेची बाजू. टेंडरच्या खोक्यावर आकड्यामागे डब्ल्यू आहे, तो शिट्टीचाच. म्हणजे खोकं आणि टेंडर एकमेकांचेच.

१६ नोव्हेंबर

पुतण्याच्या दीड लाखाचा उलगडा.

लायनेलनं २०३७ हे काळं इंजिन १९५० च्या दशकात अमाप काढलं. अमेरिकेत घरोघरी होतं आणि आजही ढिगानं मिळतं. १९५७ ला त्यांनी मुलींसाठी म्हणून एक सेट काढला: गुलाबी इंजिन आणि फिक्या गोड रंगांचे डबे. तो सपशेल पडला. मुलींनाही खऱ्यासारखी काळीच गाडी हवी असावी. खपला नाही म्हणून आज दुर्मीळ, आणि दुर्मीळ म्हणून भाव कडाडलेला. त्या गुलाबी इंजिनाचा आकडा २०३७-५००. शोधताना मागचे पाचशे गळाले की दोन्ही एकाच यादीत येतात, आणि मोबाईलवर आधी महागडंच दिसतं.

पुतण्या हसून म्हणाला, "मग मारू या गुलाबी?" हाच विचार जगभर पुष्कळांनी केलाय, म्हणून त्या सेटच्या नकला पण पुष्कळ आहेत आणि घेणारा पहिल्यांदा रंगच तपासतो.

शिवाय मोबाईलवर दिसला तो मागितलेला भाव. मागायला काय जातं. बघायचं ते विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीत, तिथं खरे पैसे मोजलेले असतात. इंग्लंडातल्या वेक्टिससारख्या खेळण्यांच्या लिलावघरांचे निकाल उघडे असतात, तेही बघावेत. आणि सगळ्यात वरचा आकडा सोडून द्यायचा. कधी दोन हट्टी माणसं एकाच लिलावात भिडतात, तो भाव वस्तूचा नसतो.

२२ नोव्हेंबर

खोकी. काकूंच्या मते कचरा, माझ्या मते जवळपास निम्मी किंमत.

पोरं खोकी फाडतात, गाड्या जपतात. म्हणून गाड्या उरल्या, खोकी गेली. पन्नास-साठ पौंडांच्या सेटमध्ये खोक्याचा वाटा बघून नवखा माणूस चक्रावतो. पण खोकं कुठलं, ते महत्त्वाचं. कडेच्या लेबलावरचा नंबर आतल्या मालाशी जुळला पाहिजे. डब्लोच्या झाकणावर ईडीजी१७ आहे, टँक इंजिनाच्या मालगाडीचा हाच क्रमांक, जुळतो. आतले पुठ्ठ्याचे कप्पे आहेत. एका कोपऱ्यात वाळवीनं नाला पाडलाय आणि झाकणाला पिवळी पडलेली चिकटपट्टी आहे. पट्टी काढायची नाही, ओढली की छापील कागद तिच्याबरोबर येतो.

लायनेलची खोकी नारिंगी-निळी, दोनांची झाकणजीभ गेलीय. नव्यानं छापलेली नकली खोकीही बाजारात मिळतात; पुठ्ठ्याची आतली बाजू पांढरीशुभ्र आणि वास ताजा असला की समजावं. आपली खोकी वासानंच सही आहेत: डांबरगोळी, धूळ आणि उंदराची लेंडी.

रुळांचं मात्र काही येत नाही. गोल रूळ सगळ्या सेटबरोबर यायचे, त्यामुळे ते जगात सगळ्यात जास्त उरलेत, आणि वजनाला जड. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यांना थोडी मागणी असते, चालू असतील तर.

२९ नोव्हेंबर

आकडे. पौंड ११५ ते १२० रुपये आणि डॉलर ८८ च्या आसपास धरून, विकल्या गेलेल्या मालाच्या मधल्या भावावरून:

डब्लो सेट, खोक्यासकट, मॅग्नेट उतरलेला: ७,००० ते ९,५०० रुपये.
लायनेल, शिट्टी चालू, ट्रान्सफॉर्मर बाद, खोकी अर्धवट: १०,००० ते १३,०००.
होर्नबी ओ गेज डबे, फोटोसकट: एकूण ५,००० ते ७,०००. रंगवलेला डबा यात धरलेला नाही.
बिंगचा डबा: २,००० ते ३,०००.

हे तिकडचे भाव. इथून विकायचं तर यातून वजाबाकी सुरू. लिलावघराची दलाली पाचवा हिस्सा तरी जाते. ओतीव इंजिन आणि पत्र्याचे रूळ किलोनं भरतात, टपालाचा खर्च एखाद्या साध्या डब्याच्या किमतीला गिळून टाकतो. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात रोख मिळतील, पण व्यापाऱ्यालाही पुढे विकायचं असतं, तो निम्म्याच्या खालीच बोलणार. त्यात त्याची लबाडी नाही.

बिंगच्या डब्याला आणखी एक भानगड आहे. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांवरच्या वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवू देत नाही. डब्लो, लायनेल यांना तो लागत नाही, वय बसत नाही. पण हा डबा त्या उंबरठ्याच्या पलीकडे असायची दाट शक्यता. दोन हजारांच्या डब्यासाठी कचेऱ्या झिजवण्यापेक्षा तो देशातच राहू दे, असं लिहिलं.

पुण्याच्या मुलानं फोनवर विचारलं की कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियमला द्यावं का. १९९८ पासून तिथं गाड्या धावतायत, नातवाला त्यानं दाखवून आणलंय. म्हटलं बघायला जरूर जा, पण तिथली मांडणी एचओची. आपली डब्लो तीन रुळांची, ती त्या रुळांवर चालणार नाही. देणगी द्यायची तर आधी विचारून मग.

६ डिसेंबर

तिघं जमले. पुतण्याचं म्हणणं होतं की वस्तू मोजून तीन भाग करावेत: कुणाला इंजिन, कुणाला डबे. विट्याची ताई पण तयार होती. मी तेवढ्यापुरता आडवा आलो. सेट फोडला की खोकं एकाकडे, इंजिन दुसऱ्याकडे, आणि नऊ हजारांचा माल पाच हजारांचा होतो. भांडण मिटतं, पैसे जातात. त्यापेक्षा सेट अखंड ठेवा आणि फरक रोखीत भरा.

थोडी घासाघीस झाली. डब्लो पुण्याला. दुसरा ढीग फोटोसकट आणि बिंगचा डबा विट्याला, कारण ताईला तिच्या वडिलांचा तो फोटो हवा होता. लायनेल पुतण्याकडे. त्याच्या वाट्याला जास्त गेलं म्हणून तो दोघांना मिळून दोन हजार देणार. मग ताई म्हणाली, वास्तविक त्यानं केलंय तेवढं कुणी केलं नाही, मला नकोत. पुण्याचा गप्प बसला, नंतर तोही म्हणाला राहू दे.

रंगवलेला लाल डबा कुणाच्याच यादीत नव्हता. काकूंनी तो देवघराच्या फळीवर नेऊन ठेवला.

आवराआवर: प्लास्टिकच्या पिशव्यांत काहीही बांधायचं नाही, पावसाळ्यात आत घाम धरतो. जुन्या सुती साडीचे तुकडे, सिलिका जेलच्या पुड्या, आणि खोकी आडवी, एकावर एक न रचता. विट्याच्या ढिगात फुगलेली चाकं वेगळ्या डबीत, वर नाव घालून. पुण्याच्या मुलाला सांगितलंय की मॅग्नेट भारून घ्यायचा असेल तर इंजिन जसंच्या तसं माझ्याकडे आणायचं, आधी कुणाकडूनही उघडून घ्यायचं नाही.

लायनेलच्या ट्रान्सफॉर्मरचा प्लग कापून टाकला आणि वायर गुंडाळून वर चिठ्ठी लावली: २३० ला लावू नये. पुतण्याला स्टेप-डाऊन नको, छोटा डीसी सप्लायच हवाय. शिट्टी सतत वाजेल म्हटलं तर म्हणाला, त्यासाठीच तर.

माझ्या कामाचे काकूंकडून पैसे घेतले नाहीत. कम्युटेटर पुसल्याचे शंभर रुपये पुण्याच्या मुलाच्या नावे लिहिलेत, ते तो देईल.